पेण-रोह्यात घरात बांबू फ्लोअरिंग टाकताय? आधी पावसाळ्याचा हिशोब करा

२८ मे २०२३ रोजी दिल्लीत नव्या संसद भवनाचं उद्घाटन झालं. नागपूरचं सागवान तिथे वापरलं म्हणून आपल्याकडे कौतुक झालं. त्याच इमारतीत त्रिपुरातल्या बांबूचं फ्लोअरिंगही आहे. तेव्हापासून 'बांबूची फरशी' हा विषय रील्समध्ये आणि इंटिरियरच्या पेजेसवर सारखा दिसतो. दिसायला लाकडासारखी, पायाला उबदार, वर पर्यावरणपूरक. नवं घर बांधणाऱ्याला मोह होणारच.

पण संसद भवनात बारा महिने एसी चालतो. पेण, रोहा, नागोठणे, कोलाड या पट्ट्यात घर असेल तर चार महिने पाऊस असतो. रायगड जिल्ह्यात वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पेणच्या गणपती कारखान्यात शाडूची मूर्ती जुलैमध्ये वाळायला किती दिवस घेते, हे इथल्या लोकांना वेगळं सांगायला नको. हीच हवा तुमच्या फरशीलाही लागणार आहे.

दुकानदार बहुतेक वेळा रंग आणि 'कडकपणा' दाखवतो. आपल्या भागात फरशी टिकेल की नाही हे ठरतं ओलाव्यावर. तेव्हा पैसे देण्याआधी काय तपासायचं, ते एकेक करून पाहू.

बांबू फ्लोअरिंग म्हणजे नेमकं काय?

बांबू हे झाड नाही, गवत आहे. २०१७ साली भारतीय वन कायद्यात दुरुस्ती झाली आणि बांबू 'झाड' या व्याख्येतून वगळला गेला. तोडला तरी कंदातून पुन्हा कोंब येतात, त्यामुळे दरवेळी नव्याने लागवड करावी लागत नाही.

बांबू आतून पोकळ असतो, मग त्याची सपाट फळी कशी होते? कारखान्यात बांबू उभा चिरून पट्ट्या काढतात. त्या उकळून किंवा वाफवून त्यातली साखर आणि पिठूळ अंश कमी करतात, वाळवतात, रंधा मारतात आणि डिंक (रेझिन) लावून दाबाखाली चिकटवतात. म्हणजे बांबू फ्लोअरिंग हा बांबू आणि डिंक यांचा एकत्र माल असतो. दोन्हींपैकी एक कच्चं असेल तर फळी कच्ची.

जगभर विकल्या जाणाऱ्या बहुतेक बांबू फ्लोअरिंगसाठी चीनमधला 'मोसो' नावाचा जाड बांबू वापरतात. तो पाच-सहा वर्षांचा झाल्यावर तोडला तर चांगला टणक असतो. कोवळा तोडलेला बांबू रंगाने तसाच दिसतो, पण मऊ असतो.

बाजारात प्रकार किती?

आडवा: पट्ट्या सपाट ठेवून चिकटवलेल्या. बांबूची पेरं ठळक दिसतात.

उभा: पट्ट्या कडेवर उभ्या करून चिकटवलेल्या. बारीक सरळ रेघा दिसतात.

स्ट्रँड वोव्हन: बांबूचे धागे सुटे करून, डिंकात भिजवून, प्रचंड दाबाखाली त्याचा ठोकळा बनवतात आणि मग फळ्या कापतात. हा सगळ्यात जड आणि कडक प्रकार.

इंजिनिअर्ड: वर बांबूचा थर आणि खाली प्लायसारखे आडवे-उभे थर. थर एकमेकांना ताणून धरतात, त्यामुळे फळी कमी फुगते.

रंगातही एक खोच आहे. फिकट पिवळट म्हणजे 'नॅचरल'. कॉफीसारखा तपकिरी म्हणजे 'कार्बोनाइज्ड'. हा रंग वरून लावलेला नसतो, दाबाखालच्या वाफेने बांबू आतपर्यंत तपकिरी होतो. दिसतो छान, पण या प्रक्रियेत तो नॅचरलपेक्षा मऊ पडतो. लहान मुलं आणि जड खुर्च्या असलेल्या हॉलसाठी हे लक्षात ठेवा.

आणखी एक गोष्ट. 'बांबू लूक' लिहिलेलं लॅमिनेट, व्हिनाइल किंवा एसपीसी म्हणजे बांबू नव्हे, त्यावर बांबूचं छापील चित्र असतं. भिंतीला लावायचे 'बांबू चारकोल पॅनल'ही बहुतेक प्लॅस्टिकमिश्रित असतात. हा माल वाईट असतोच असं नाही, पण बांबूच्या भावात तो घेऊ नका. ओळखायची सोपी खूण म्हणजे फळीची कापलेली कड बघा. खऱ्या बांबूत धाग्यांचे बारीक गडद ठिपके किंवा रेघा दिसतात.

'सागवानापेक्षा कडक' हे खरं का?

बऱ्याच अंशी खरं. कडकपणा मोजायची 'जान्का' नावाची चाचणी आहे. ठरावीक आकाराची पोलादी गोळी लाकडात अर्धी रुतवायला किती जोर लागतो, ते त्यात मोजतात. सागवानाचा आकडा साधारण १,००० ते १,१५० पौंड, साध्या बांबू फळीचा १,३००च्या आसपास आणि चांगल्या स्ट्रँड वोव्हनचा ३,०००च्या वर जातो.

पण हा आकडा खुर्ची सरकवल्यावर किंवा पातेलं पडल्यावर खड्डा पडेल का, एवढंच सांगतो. पावसाळ्यात फळी फुगेल का, हे तो सांगत नाही.

पावसाळ्यात फळीचं काय होतं?

लाकूड असो की बांबू, हवेतला ओलावा ते शोषतात आणि परत सोडतात. ३० अंश तापमानात हवेतली आर्द्रता ६० टक्के असेल तर लाकडातला ओलावा सुमारे ११ टक्क्यांवर स्थिरावतो. आर्द्रता ९० टक्के झाली तर तो सुमारे २० टक्क्यांपर्यंत जातो. बांबूचे आकडे थोडे वेगळे असतात, पण चाल तीच. बहुतेक कंपन्या फ्लोअरिंगसाठी घरातली आर्द्रता ४० ते ६० टक्के ठेवायला सांगतात. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये ती ८५च्या वर सहज असते.

आता हिशोब करा. खोली ४ मीटर रुंद आहे. फरशी रुंदीत फक्त अर्धा टक्का फुगली तरी २० मिलिमीटर जागा लागेल. म्हणून भिंतीलगत दोन्ही बाजूंना १०-१२ मिलिमीटर फट ठेवतात आणि ती स्कर्टिंगखाली झाकतात. फट ठेवली नसेल तर फरशी भिंतीला टेकते आणि मध्ये फुगवटा येतो. खालून ओल आली तर वेगळंच होतं. फळीची खालची बाजू फुगते, वरची तशीच राहते आणि कडा वर येऊन प्रत्येक फळी वाटीसारखी होते. अशी फळी पुष्कळदा पूर्ववत होत नाही.

आधी घर तपासा, मग दुकानात जा

वरच्या मजल्यावरचा फ्लॅट, रोजचं राहणं: बांबू फ्लोअरिंगसाठी सगळ्यात योग्य जागा. खालून जमिनीची ओल नाही आणि दारं-खिडक्या रोज उघडतात. बेडरूम, हॉल, अभ्यासाची खोली यांत टाकायला हरकत नाही. फक्त भिंतीतून किंवा गच्चीतून गळती असेल तर आधी ती बंद करा.

स्वतःचं घर, तळमजला, उंच जोतं: टाकता येईल, पण जोत्यात डीपीसी नीट झालेली हवी आणि स्लॅबची ओल तपासलेली हवी. बांधकाम सुरू असतानाच गवंड्याला सांगून भरावावर, काँक्रीटखाली जाड प्लॅस्टिक अंथरून घेतलं तर पुढचा बराच त्रास वाचतो.

खारेपाट किंवा नदीकाठ: पेणच्या खारेपाटात जमिनीखालचं पाणी वर असतं. रोह्यात कुंडलिकेच्या काठच्या सखल भागात पुराची धास्ती असते. अशा ठिकाणी तळमजल्यावर बांबू टाकू नका. किती महाग माल घेतला तरी तो पाण्यात बसला की संपला. खाली टाइल्स, कोटा किंवा शहाबादी फरशी ठेवा आणि बांबूची हौस वरच्या मजल्यावर करा.

वीकेंड होम: मुंबई-ठाण्याच्या अनेक कुटुंबांचं या भागात दुसरं घर आहे. जूनमध्ये कुलूप लागतं आणि गणपतीला उघडतं. बांबूसाठी ही सगळ्यात अवघड जागा आहे. बंद घरात हवा खेळत नाही, आर्द्रता आठवडेच्या आठवडे चढी राहते. दर आठ-दहा दिवसांनी घर उघडणारं कुणी असेल किंवा डिह्युमिडिफायर चालवायची सोय असेल, तरच विचार करा.

बाथरूम, स्वयंपाकघराचा ओटा आणि पडवी या जागा सगळ्यांनीच सोडून द्याव्यात.

स्लॅबची ओल घरीच कशी तपासाल?

साधारण दीड फूट बाय दीड फूट पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा घ्या. तो जमिनीवर ठेवून चारही कडा चिकटपट्टीने पूर्ण बंद करा आणि एक दिवस तसाच ठेवा. काढल्यावर प्लॅस्टिकच्या आत पाण्याचे थेंब दिसले किंवा खालचं काँक्रीट गडद झालं असेल तर ओल वर येते आहे. खोलीत दोन-तीन ठिकाणी हे करा, विशेषतः बाहेरच्या भिंतीजवळ. चाचणी पावसाळ्यात केली तर उत्तम, कारण एप्रिलमध्ये कोरडी दिसणारी जमीन ऑगस्टमध्ये वेगळंच सांगते.

नवं काँक्रीट असेल तर घाई नको. कोरड्या हवेत एक इंच जाडी वाळायला साधारण एक महिना धरतात, म्हणजे चार इंचाला चार महिने. पावसाळ्याचे महिने यात मोजू नका.

दुकानात काय बघायचं?

एक, जाडी. अखंड फळी साधारण १४-१५ मिलिमीटरची असते. इंजिनिअर्ड घेत असाल तर वरचा बांबूचा थर किती मिलिमीटरचा आहे ते विचारा. थर पातळ असेल तर ओरखडे पडल्यावर घासून पुन्हा पॉलिश करता येत नाही.

दोन, सरळपणा. एकाच पेटीतल्या नाही, वेगवेगळ्या पेट्यांतल्या आठ-दहा फळ्या काढून सपाट जागी जोडून बघा. कडा वर-खाली लागत असतील, फटी दिसत असतील किंवा एखादी फळी पिळलेली असेल तर माल नीट वाळवलेला नाही.

तीन, पाण्याची चाचणी. दोन-तीन कंपन्यांचे तुकडे मागून घ्या. त्यांची जाडी मोजा, बादलीत २४ तास बुडवा आणि पुन्हा मोजा. मग तीन-चार दिवस सावलीत वाळू द्या. ज्याचे थर सुटले किंवा धागे उकलले तो बाद. जो सगळ्यात कमी फुगला तो आपल्या हवेला बरा. ही प्रयोगशाळेतली चाचणी नाही, पण दोन मालांतला फरक डोळ्यांना दिसतो.

चार, वरचं कोटिंग. चांगल्या मालावर कारखान्यातच अनेक थरांचं कोटिंग होतं, त्यात ॲल्युमिनियम ऑक्साइड असेल तर ओरखडे कमी पडतात. कोटिंग फक्त वर आहे की खालच्या बाजूलाही सील आहे, हे आवर्जून बघा. आपल्याकडे खालची बाजू जास्त महत्त्वाची.

पाच, कागद. घरातल्या बांबू फ्लोअरिंगसाठी आयएसओ २१६२९ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. विक्रेत्याकडे चाचणी अहवाल मागा आणि त्यात ओलाव्याचं प्रमाण, थर सुटण्याची चाचणी आणि फॉर्मल्डिहाइड या तीन गोष्टी शोधा.

डिंकाचा प्रश्न गंभीर का आहे?

अनेक डिंकांत फॉर्मल्डिहाइड असतं आणि ते हळूहळू हवेत सुटत राहतं. डोळे चुरचुरणं, घशात खवखव, दम्याच्या रुग्णांना त्रास अशी लक्षणं त्यातून दिसतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली त्याला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. उष्णता आणि दमटपणा वाढला की ते जास्त सुटतं. म्हणजे आपल्या हवेत आणि बंद घरात काळजी दुप्पट.

२०१५ मध्ये अमेरिकेत 'सिक्स्टी मिनिट्स' या कार्यक्रमाने एका मोठ्या साखळी दुकानातल्या चिनी लॅमिनेट फ्लोअरिंगमध्ये मर्यादेपेक्षा जास्त फॉर्मल्डिहाइड असल्याचं दाखवलं. तो माल बांबूचा नव्हता, पण धडा इथेही लागू आहे. पेट्यांवर मर्यादा पाळल्याचा शिक्का होता. म्हणून नुसत्या शिक्क्यावर न थांबता, प्रयोगशाळेचा अहवाल मागा आणि त्यावरचं उत्पादनाचं नाव पेटीवरच्या नावाशी जुळवून बघा. 'ई-१' ही किमान पायरी समजा. 'ई-०' किंवा कॅलिफोर्नियाचं 'कार्ब फेज-२' असेल तर अधिक चांगलं.

घरी एक ढोबळ परीक्षा करता येते. फळीचा तुकडा घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवून दिवसभर उन्हात ठेवा आणि संध्याकाळी झाकण उघडा. नाकाला झोंबणारा वास आला तर तो माल घेऊ नका. वास आला नाही म्हणजे माल निर्धोक, असं मात्र नाही. त्यासाठी अहवालच हवा.

वाळवी आणि भुंगेऱ्याचं काय?

कोकणात जुन्या घरांच्या छपरातला बांबू वर्षानुवर्षं टिकायचा, त्यामागे चुलीच्या धुराचा मोठा हात होता. बांबूतला पिठूळ अंश हे भुंगेऱ्याचं खाद्य. म्हणून जुनी माणसं बांबू पावसाळा संपल्यावर तोडत आणि वाहत्या पाण्यात भिजत ठेवत. कारखान्यात हेच काम उकळणं, वाफवणं आणि बोरॅक्स-बोरिक ॲसिडची प्रक्रिया करते. २०२३ मध्ये विदर्भात वणी-वरोरा महामार्गावर बांबूचा २०० मीटरचा क्रॅश बॅरियर बसवला, तेव्हाही बांबूवर आधी क्रिओसोट तेलाची प्रक्रिया केली गेली. प्रक्रिया नसेल तर बांबू टिकत नाही, हे सगळीकडे सारखंच.

विक्रेत्याला 'कोणती प्रक्रिया केली?' असं सरळ विचारा. फळीवर टाचणीच्या डोक्याएवढी भोकं किंवा पेटीत बारीक पीठ दिसलं तर पेटी परत करा. तळमजल्यावर वाळवीप्रतिबंधक औषध मारून घेतल्याशिवाय फरशी टाकू नका आणि बांबूखाली साधं प्लाय अंथरू नका. वाळवी आधी त्यालाच लागते.

बसवताना कुठे चुकतं?

माल आला की लगेच बसवू नका. पेट्या त्याच खोलीत निदान तीन दिवस ठेवा. स्ट्रँड वोव्हन हवेशी जुळवून घ्यायला जास्त वेळ घेतो, त्याला दोन आठवडे द्या. घराचं प्लास्टर आणि रंगकाम त्याआधी पूर्ण झालेलं हवं.

महिना कोणता? ऐन उन्हाळ्यात सुकलेली फळी घट्ट बसवली तर पावसात ती फुगायला जागा शोधते. ऐन पावसात फुगलेली बसवली तर हिवाळ्यात फटी पडतात. दिवाळीनंतरचे नोव्हेंबर-डिसेंबर हे मधले महिने बरे.

जमीन सपाट हवी. दोन मीटरच्या सरळ पट्टीखाली ३ मिलिमीटरपेक्षा जास्त फट नको. त्यावर किमान २०० मायक्रॉनचं प्लॅस्टिक, जोडावर २० सेंटिमीटर एकमेकांवर चढवून आणि चिकटपट्टी लावून. मग फोम, मग फळ्या. क्लिकने जोडायच्या फळ्या जमिनीला चिकटवत नाहीत, त्या सुट्या 'तरंगत' राहतात. त्यामुळे सगळी फरशी मिळून फुगते-आकसते. म्हणून भिंतीलगतच्या फटीत सिमेंट किंवा पुट्टी भरू देऊ नका. कारागीर 'फिनिशिंग'च्या नादात नेमकं हेच करतात.

बिल आणि वॉरंटी

भाव विचारताना चौरस फुटाच्या दरात फोम, प्लॅस्टिक, स्कर्टिंग, जमीन सपाट करणं आणि मजुरी धरली आहे का, ते लिहून घ्या. कापाकापीत साधारण ५ ते १० टक्के माल जातो, तेवढा जास्त घ्यावा लागतो. उरलेल्या दोन-चार फळ्या जपून ठेवा, पुढे दुरुस्तीला त्याच रंगाचा माल मिळेलच असं नाही.

'२५ वर्षं वॉरंटी' वाचून खूश होण्याआधी बारीक अक्षरं वाचा. बहुतेक वॉरंटी ओलाव्यामुळे झालेलं नुकसान वगळतात किंवा आर्द्रतेची अशी अट घालतात, जी आपल्याकडे जुलैमध्ये पाळणं अवघड आहे. विक्रेत्याला तुमचं गाव आणि मजला सांगा आणि 'इथे चालेल' हे बिलावर किंवा व्हॉट्सॲपवर लेखी घ्या. जीएसटी बिल, पेटीवरचा बॅच नंबर आणि बसवण्याआधी काढलेले स्लॅबचे फोटो जपा. फसवणूक झालीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते आणि अलिबागला जिल्हा ग्राहक आयोग आहे. तिथे कागदच बोलतात.

रोजची निगा

केर काढा आणि घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसा. बादलीभर पाणी ओतून फरशी धुणं किंवा स्टीम मॉप वापरणं बंद. दारात जाड पायपुसणं, खुर्च्या-टेबलांच्या पायांना फेल्ट. पाऊस आत येणाऱ्या खिडकीखाली लक्ष ठेवा. गणपतीत मखर, समई आणि पाहुण्यांच्या ओल्या पायांसाठी खाली सतरंजी किंवा चटई टाका. साधारण हजार रुपयांच्या आत मिळणारा आर्द्रता मापक भिंतीवर लावला तर घर कधी उघडायचं आणि पंखे कधी लावायचे ते कळतं.

आपल्या कोकणातला बांबू का नाही?

आपल्याकडचा माणगा बांबू जवळजवळ भरीव आणि चिवट असतो. फर्निचर आणि बांधकामासाठी तो नावाजलेला आहे. कुडाळचं 'कॉनबॅक' हे केंद्र २००४पासून कोकणात बांबूवर काम करतंय. पण माणग्याची काठी बारीक असते, तिच्यातून रुंद सपाट पट्ट्या निघत नाहीत. म्हणून ज्यांना फरशीची जोखीम नको, त्यांनी स्थानिक प्रक्रिया केलेला बांबू छत, जाळी, कठडा किंवा फर्निचरसाठी वापरावा. तिथे तो हवेत मोकळा राहतो आणि त्याला खालून ओल लागत नाही.

सेव्ह करून ठेवा

१. तळमजला आणि सखल जागा असेल तर बांबू नको.
२. घर पावसाळ्यात बंद राहत असेल तर दोनदा विचार.
३. प्लॅस्टिकची ओल-चाचणी केल्याशिवाय ऑर्डर नाही.
४. शक्यतो इंजिनिअर्ड किंवा चांगला स्ट्रँड वोव्हन, खालच्या बाजूला सील असलेला.
५. तुकडा २४ तास पाण्यात बुडवून तुलना.
६. ई-१ किंवा त्याहून चांगल्या दर्जाचा प्रयोगशाळा अहवाल.
७. भिंतीलगत १०-१२ मिलिमीटर फट, खाली २०० मायक्रॉन प्लॅस्टिक.
८. 'या गावात, या मजल्यावर चालेल' हे विक्रेत्याकडून लेखी.

यातल्या पहिल्या तीन गोष्टींतच उत्तर 'नाही' आलं, तर चांगली टाइल घ्या आणि निश्चिंत राहा. उत्तर 'हो' असेल, तर बांबूची फरशी पुढची अनेक वर्षं पायाखाली छान साथ देईल.